हाराजुकू पायी: ताकेशिता-दोरी, लाफोरे आणि रस्त्याखाली गेलेली नदी

सायली_कासाई

जपान-प्रवासाच्या धाग्यावर दोघातिघांनी टोक्योतल्या हाराजुकूबद्दल, तरुणांच्या फॅशनसाठी गाजलेल्या त्या भागाबद्दल, विचारलं होतं. उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी टोक्योच्या पूर्वेला निशी-कासाईत राहते. आपल्याकडची बरीच कुटुंबं त्याच भागात आहेत. तिथून तोझाई लाइनने ओतेमाची, ओतेमाचीला चियोदा लाइन पकडून मेइजी-जिंगुमाए, आणि जिना चढून वर आलं की हाराजुकू. रविवारची दुपार मोकळी मिळाली की मी तिकडे जाते, खरेदीला क्वचितच.

सहलवाले या भागाला जेमतेम तासभर देतात. ताकेशिता-दोरी या गल्लीच्या कमानीखाली फोटो, हातात एक क्रेप (पातळ गोड धिरडं), की झालं. मग घरी परतलेली माणसं सांगतात, 'नुसती गर्दी आणि मोज्यांची दुकानं.' ऐकून माझा जीव तुटतो. हाराजुकू दुकानांनी घडवलेलं नाही, रस्त्यांनी घडवलंय. पोरापोरींना इथे मिरवायला, नाचायला, नुसतं बसून राहायला जागा मिळाली आणि दुकानं त्यांच्या मागोमाग आली. हे डोक्यात ठेवून फिरलात तर तोच भाग वेगळा दिसेल.

थोडं मागचं सांगते. स्टेशनपलीकडचं आजचं योयोगी पार्क म्हणजे एकेकाळचं लष्कराचं कवायतीचं मैदान. युद्ध हरल्यावर तिथे अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांसाठी वसाहत उभी राहिली, तिचं नाव वॉशिंग्टन हाइट्स. बायकामुलं आली तशी त्यांना लागणारी दुकानंही ओमोतेसांदो या इथल्या मोठ्या रस्त्यावर आली. आज खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं किडी लँड १९५० साली पुस्तकांचं दुकान म्हणून सुरू झालं ते याच काळात. १९६४च्या ऑलिंपिकसाठी ती जागा परत मिळाली, तिथे खेळाडूंचं गाव वसलं, आणि १९६७ साली पार्क झालं. युद्धात होरपळलेल्या शहराच्या पोरांना परदेशी कपडे, परदेशी गाड्या, परदेशी गाणी आधी या रस्त्यावर बघायला मिळाली.

मग मेइजी-जिंगुमाएच्या चौकात सेंट्रल अपार्टमेंट्स नावाची इमारत होती, १९५८ची. फोटोग्राफर, जाहिरातवाले, कपडे डिझाइन करणारे यांची ऑफिसं तिथे होती आणि तळमजल्यावरच्या कॅफेत ही मंडळी तासन्‌तास बसायची. १९७०-७१ला 'आन-आन' आणि 'नॉन-नो' ही मुलींची मासिकं निघाली, त्यांतून हाराजुकूचं नाव देशभर पोचलं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती १९७७ साली. रविवारी इथला मोठा रस्ता गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांसाठी मोकळा करायला सुरुवात झाली. इथले लोक त्याला होकोतेन म्हणायचे. पुढच्याच वर्षी, १९७८ला, ताकेशिता-दोरीवर 'बुटिक ताकेनोको' सुरू झालं. झळझळीत रंगाच्या साटीनचे, किमोनोची आठवण करून देणारे ढगळ पोशाख तिथे मिळत. ते घालून शाळाकॉलेजची पोरं रविवारी रस्त्यावर यायची, मधोमध टेपरेकॉर्डर ठेवायची आणि त्याच्याभोवती गोल करून डिस्कोवर नाचायची. त्यांना ताकेनोको-झोकु म्हणत. शेजारी केसांचा कोंबडा काढलेली, चामड्याची जाकिटं घातलेली रॉक अँड रोलवाली पोरं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याच रस्त्यावर बँड वाजवणारे आले. गोंगाटाच्या, कचऱ्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १९९८ साली होकोतेन बंद झालं. वीस-एकवीस वर्षं एक रस्ता आठवड्यातून एक दिवस तरुणांच्या ताब्यात होता. हाराजुकूची सगळी पुण्याई मला तिथे दिसते.

आता फिरायचं कसं. सकाळी नऊच्या सुमारास पोचा आणि दुकानांकडे वळूही नका, कारण ती दहा-अकराशिवाय उघडत नाहीत. आधी मेइजी जिंगूत जा. सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांचं हे देवस्थान १९२०चं. सत्तर हेक्टरांचं ते रान माणसांनी लावलेलं आहे. देशभरातून सुमारे एक लाख झाडं लोकांनी भेट पाठवली होती. शंभर-दीडशे वर्षांत हे जंगल आपलं आपण जगू लागेल असा हिशेब करून वनतज्ज्ञांनी लागवड केली. सकाळी लांब दांड्याच्या झाडूने वाट झाडणारी माणसं दिसतील. ती पानं गोळा करून बाहेर टाकत नाहीत, परत झाडांखाली लोटतात. थोडा वेळ थांबून बघा.

तिथून बाहेर पडल्यावर ताकेशिता-दोरी. साडेतीनशे मीटरची अरुंद उतरती गल्ली. वरून खाली एका झोकात जा, रेंगाळू नका. मोकळं चालता आलं तर पाच मिनिटं, रविवारी दुपारी अर्धा तास. उजव्या-डाव्या हाताच्या बोळांत घुसा. एका बोळातून तोगो देवळाच्या तळ्यापाशी निघता येतं. गल्लीतल्या गोंगाटातून पन्नास पावलांवर पाण्यात कोई मासे.

पुढे लाफोरे ही कपड्यांच्या दुकानांची बहुमजली इमारत, मग मोठा रस्ता ओलांडून उरा-हाराजुकूच्या गल्ल्या आणि कॅट स्ट्रीट. त्यांच्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहीन, नाहीतर हा लेख आवरणार नाही. जाऊन आलेल्यांनीही भर घाला.

मंदाकाकू

सायली, किती छान लिहिलंस गं. माझी मुलगी कावासाकीला असते, आम्ही दोघं नोव्हेंबरात तिच्याकडे येतोय. ह्यांचे गुडघे दुखतात. इतकं चालणं झेपेल का? आणि आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडंही नाही. ती क्रेप खाता येईल का?

सायली_कासाई

काकू, क्रेपच्या पिठात अंडं असतंच, त्यामुळे ती नको. रस्त्यावर मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टींतही जरा जपून. इथल्या रश्शांत माशाचं पाणी असतं, ते डोळ्यांना दिसत नाही आणि दुकानदार 'भाजीचं आहे' असंच सांगतो, कारण त्याच्या दृष्टीने ते भाजीचंच असतं. मुलीला म्हणावं सोबत पोळी-भाजीचा डबा घे. देवस्थानाच्या आवारात आणि रस्त्याने चालताना खाऊ नका, पण योयोगी पार्कात बाकं आहेत, तिथे बसून डबा खाणारी जपानी कुटुंबं ढिगाने असतात. कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत, एक पिशवी जवळ ठेवा.

गुडघ्यांचं म्हणाल तर नवीन हाराजुकू स्टेशनात लिफ्ट आहेत. मेइजी जिंगूची वाट मात्र खडीची आहे, मुख्य मंदिरापर्यंत दहा-बारा मिनिटं चालावं लागतं. काकांना हळूहळू जमेल. ताकेशिता-दोरी उताराची आहे, म्हणून स्टेशनकडून खाली यायचं, उलटं नाही.

अनुस्वार

लेख आवडला, पण माझं मत वेगळं आहे. मी गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी टोक्योला होतो, मुद्दाम हाराजुकूला गेलो. फोटोंत बघितलेले ते रंगीबेरंगी केसांचे, पाच-सहा थरांचे कपडे घातलेले तरुण कुठेच नव्हते. बहुतेक पर्यटक, आणि मोठ्या साखळ्यांची दुकानं जी मुंबईतही आहेत. 'फ्रूट्स' हे रस्त्यावरच्या फॅशनचे फोटो छापणारं मासिक २०१७ साली बंद झालं, तेव्हा ते काढणारे शोइची आओकी यांनी कारणच हे दिलं होतं की फोटो काढावेत अशी पोरं आता दिसत नाहीत. ज्या माणसाने वीस वर्षं रोज तो रस्ता न्याहाळला तोच असं म्हणतो, तर आपण कशाला कौतुक करत बसायचं? हाराजुकू होतं, आता नाही, असं म्हणणं जास्त प्रामाणिक नाही का?

सुईदोरा

अनुस्वार, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. मी पुण्यात शिवणकाम आणि पॅटर्न कटिंग शिकवते, 'फ्रूट्स'चे जुने अंक आमच्याकडे विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलेत. १९९७च्या पहिल्या अंकांपासून बघत गेलं की एक गोष्ट कळते. त्या पोरांच्या अंगावरचं निम्मं घरी शिवलेलं किंवा उसवून पुन्हा जोडलेलं असायचं. फोटोखाली कुठला कपडा कुठून आणला ते लिहिलेलं असे, त्यात 'स्वतः केलेलं' आणि 'जुन्या कपड्यांच्या दुकानातून' हे पुन्हा पुन्हा येतं. पैसे नसलेल्या पोरांची कला होती ती.

पण ती कला संपली असं मला वाटत नाही, तिने जागा बदलली. मी गेले तेव्हा रविवारी लाफोरेत गेले होते. इमारतीचे मजले अर्ध्या-अर्ध्या उंचीवर चढतात, एक, दीड, दोन, अडीच असे, त्यामुळे एका मजल्यावरून पुढचा थोडा दिसत राहतो. खालच्या मजल्यांवर लोलिता पद्धतीच्या, म्हणजे बाहुलीसारख्या लेस-झालरींच्या कपड्यांची दुकानं आहेत. तिथे एक मुलगी आरशासमोर उभी होती. मी तिच्या परकराचा घेर बघत राहिले. वरून साधा सुती छापील कापडाचा स्कर्ट, घंटेसारखा फुललेला. आत कडक नेटचा पेटीकोट, तीन टप्प्यांत चुण्या घातलेला, आणि शेवटच्या टप्प्याची चुणी इतकी दाट की नेट उभंच राहावं. सगळ्यात खाली, कातडीला नेट टोचू नये म्हणून मऊ अस्तर. लेसचं प्रत्येक टोक दुमडून शिवलेलं, एकही धागा लोंबत नव्हता. छापील कापडावरची चित्रांची ओळ घेराबरोबर सलग फिरावी म्हणून कापड आडवं बेतलेलं होतं आणि जोडावर चित्र तुटलेलं नव्हतं. शिवणाऱ्या माणसालाच कळेल त्याला किती कापड वाया जातं आणि किती वेळ लागतो.

मी मोबाइलवर भाषांतर करून तिला विचारलं, कुठून घेतला? तर म्हणाली, वरचा विकत घेतलाय, पेटीकोट आणि डोक्याचा बो स्वतः शिवलाय. मग मी माझ्या वर्गातल्या मुलींची कामं तिला दाखवली. आम्ही बराच वेळ बोलत होतो.

अनुस्वार

हे वाचून बरं वाटलं. पण तरी सांगा, रस्त्यावर का नाहीत मग? बंद इमारतीच्या तळघरात आहेत, बाहेर नाहीत.

सायली_कासाई

त्याला बरीच कारणं आहेत आणि पहिलं मी लेखात लिहिलंय. रविवारचा रस्ता बंद झाला. जमायला जागा उरली नाही. त्यानंतर बरीच वर्षं गॉथिक आणि लोलितावाल्या मुली स्टेशनशेजारच्या जिंगू-बाशी पुलावर जमायच्या, पण पर्यटक कॅमेरे घेऊन इतके यायला लागले की हळूहळू तिथलाही अड्डा मोडला.

दुसरं कारण भाडी आणि मोठी दुकानं. १९९८च्या नोव्हेंबरात युनिक्लोने हाराजुकूत दुकान उघडलं आणि १९०० येनचं फ्लीसचं जाकीट देशभर अफाट खपलं. पुढे २००८ला एच अँड एम, २००९ला फॉरएव्हर ट्वेंटीवन. नवे कपडे इतके स्वस्त झाले की उसवून-जोडून घालण्याची गरजच अनेकांना उरली नाही. फॉरएव्हर ट्वेंटीवन २०१९ला जपानमधून गेलं, पण तोवर पडायचा तो फरक पडला होता.

तिसरं, फोन. आधी आपला पेहराव लोकांनी बघावा तर अंगावर घालून हाराजुकूला यावं लागायचं. आता घरातून फोटो टाकता येतो.

तरीही आओकींच्या त्या वाक्यावर मी पूर्णविराम देणार नाही. हौशी मंडळी 'हाराजुकू फॅशन वॉक' नावाने ठरवून जमतात आणि नटूनथटून रस्त्याने चालतात. केसांत पन्नास-साठ क्लिपा लावणाऱ्या डेकोरा पद्धतीच्या अगदी कोवळ्या वयाच्या मुली मला आजही दिसतात. त्या 'फ्रूट्स' सुरू झालं तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. गर्दीत त्या थोड्या असतात, म्हणून थांबून बघावं लागतं. पाऊण तासात दिसत नाहीत.

विटावाळू

मी वास्तुरचनेचा माणूस, त्यामुळे माझं लक्ष कपड्यांपेक्षा ओमोतेसांदोकडे. लेखात या रस्त्याचा उल्लेख निसटता आलाय, म्हणून भर घालतो.

ओमोतेसांदो हा मुळात मेइजी जिंगूला जाणारा राजमार्ग, देवस्थानाबरोबरच आखलेला. दुतर्फा केयाकीची झाडं आहेत. १९४५च्या मे महिन्यातल्या बॉम्बहल्ल्यात त्यांतली बहुतेक जळून गेली, युद्धानंतर पुन्हा लावली. आओयामाकडच्या टोकाला दोन मोठे दगडी दिवे आहेत, तिथे त्या रात्री मेलेल्यांचं स्मारक आहे. खरेदीच्या पिशव्या घेऊन लोक त्याच्या समोरून जातात. कृपया दोन मिनिटं थांबा.

आता इमारती. एक किलोमीटरच्या रस्त्यावर गेल्या पंचवीस वर्षांतल्या इतक्या नामांकित वास्तुकारांची कामं ओळीने आहेत की आमच्यासारख्यांना दिवस पुरत नाही. तोयो इतो यांनी टॉड्ससाठी २००४ साली बांधलेल्या इमारतीच्या काँक्रीटच्या भिंती म्हणजे केयाकीच्या फांद्यांची नक्षी. खाली जाड खोड, वर जाताना फांद्या बारीक आणि दाट. ती नक्षी शोभेची नाही, तीच भार पेलते. पुढे आओयामात हेर्झोग आणि द म्युराँ यांनी बांधलेलं प्राडाचं दुकान, २००३चं, शंकरपाळ्याच्या आकाराच्या फुगीर काचांचं.

पण माझी सगळ्यात आवडती ओमोतेसांदो हिल्स, तादाओ आंदो यांची, २००६ची. तिथे आधी दोजुनकाई या घरं बांधणाऱ्या संस्थेची आओयामा अपार्टमेंट्स होती, १९२३च्या भूकंपानंतर बांधलेल्या काँक्रीटच्या चाळीवजा घरांपैकी. २००३ला पाडली. त्या जुन्या घरांत शेवटी शेवटी छोटी दुकानं, चित्रांच्या गॅलऱ्या होत्या, वेली चढल्या होत्या, आणि ती पाडू नयेत असं अनेकांना वाटत होतं. आंदोंनी एका टोकाला जुन्या इमारतीचा एक भाग तसाच पुन्हा बांधला आणि नव्या इमारतीची उंची झाडांच्या वर जाऊ दिली नाही. अर्धी इमारत जमिनीखाली आहे. आतली वळत जाणारी उतरण बाहेरच्या रस्त्याच्याच चढाची आहे, म्हणजे आपण दुकानात शिरलो तरी पायांना ओमोतेसांदोच लागतो. मला हे फार मोठं काम वाटतं. जुनं राखता आलं नाही, पण रस्त्याचा मान राखला.

हाराजुकूचं लाकडी स्टेशन मात्र गेलं याचं दुःख आहे. १९२४चं, टोक्योतलं सगळ्यात जुनं लाकडी स्टेशन, युद्धातूनही वाचलेलं. २०२०च्या मार्चमध्ये शेजारी नवं स्टेशन सुरू झालं आणि त्याच वर्षी जुनं उतरवायला घेतलं. आगीच्या नियमांत बसेल अशा साहित्याने तसंच रूप पुन्हा उभारू असं रेल्वेने जाहीर केलं होतं. लाकडाचा वास त्याला येणार नाही.

भटका_जीव

भारी धागा. वाचनखूण साठवली.

सायलीताई, कॅट स्ट्रीटबद्दल लिहा ना. आणि कॉलेजच्या पोराच्या बजेटात काय घेता येईल तेही सांगा. माझा भाऊ शिष्यवृत्तीवर जातोय, पैसे मोजून आहेत. ताकेशिता म्हणजे आपली तुळशीबाग समजायची का, घासाघीस करता येते का?

सायली_कासाई

गर्दी आणि वस्तूंची रेलचेल या बाबतीत तुळशीबाग म्हणा हवं तर, पण घासाघीस अजिबात नाही. पाटीवरचा भाव तोच भाव. लावलेली किंमत करासह आहे की करावेगळी ते नीट बघायला सांगा, विक्रीकर दहा टक्के आहे.

मोजक्या पैशांत घ्यायचं असेल तर भावाला जुन्या कपड्यांच्या दुकानांत पाठवा. हाराजुकूचा जीव अजूनही तिथे आहे. ओमोतेसांदोजवळ 'किंजी' आहे, तळघरात, रांगाच्या रांगा. 'शिकागो'मध्ये वापरलेले किमोनो आणि युकाता (उन्हाळ्यातले सुती किमोनो) मिळतात, नव्याच्या मानाने अगदीच कमी पैशांत. घेताना काख आणि गळपट्टी उजेडात धरून बघायची, डाग असतील तर तिथेच असतात. ताकेशितावरच्या साखळी दुकानांतून चार स्वस्त वस्तू घेण्यापेक्षा तिथली एक घे म्हणावं.

आता कॅट स्ट्रीट. हा रस्ता वाकडातिकडा जातो, कारण ती नदी आहे. शिबुया नदी. १९६४च्या ऑलिंपिकच्या आधी ती झाकली आणि वर पायवाट केली. चालताना खाली बघत जा, जुन्या पुलांचे दगडी खांब अजून रस्त्याच्या कडेला आहेत, नाव कोरलेले. पूल आहे, पाणी नाही. चित्रकार होकुसाईने फुजी पर्वताच्या चित्रमालेत ओंदेन गावची पाणचक्की काढली आहे ना, ते ओंदेन म्हणजे हाच परिसर. शेतं, पाणचक्की, मागे फुजी. लाफोरेच्या मागच्या गल्लीत ओता संग्रहालय आहे, फक्त उकियो-ए या जुन्या जपानी शैलीतल्या चित्रांचं. छोटं, शांत आणि उत्तम. प्रदर्शन बदलतं तेव्हा मधले काही दिवस बंद असतं, एवढं बघून जा.

नदी झाकल्यावर मागच्या गल्ल्यांत भाडी कमी होती, म्हणून पैसा नसलेल्या नव्या पोरांनी तिथे दुकानं थाटली. १९९३ साली निगो आणि जुन ताकाहाशी या दोन तरुण डिझायनरांनी 'नोव्हेअर' नावाचं छोटं दुकान काढलं. निगोचा 'अ बेदिंग एप' आणि ताकाहाशीचा 'अंडरकव्हर' हे कपड्यांचे ब्रँड तिथून वर आले. थोडेच टी-शर्ट काढायचे आणि संपले की संपले, त्यामुळे बाहेर रांगा लागायच्या. आज जगभर बूट-टी-शर्टांसाठी तरुण रात्रभर रांगा लावतात, ती सवय जोपासण्यात या गल्ल्यांचा मोठा वाटा आहे. ताकाहाशी पुढे पॅरिसला पोचला, निगो २०२१ साली केन्झो या फॅशन ब्रँडचा कलादिग्दर्शक झाला. त्या गल्ल्यांना उरा-हाराजुकू म्हणतात. तिथे पाट्या लहान असतात, दुकानं पहिल्या मजल्यावर नाहीतर अर्ध्या जिन्याखाली. शिरायला संकोच वाटतो, तरी शिरा. काही घेतलं नाही तरी कोणी तोंड वाकडं करत नाही.

कॅट स्ट्रीट संपता संपता शिबुया येतं. चौकातली माणसांची लाट, हाचिको कुत्र्याचा पुतळा, वन-ओ-नाइनची इमारत. त्याबद्दल सगळीकडे इतकं लिहिलेलं आहे की मी लिहीत नाही.

कोरा_कागद

फोटोंबद्दल कोणीतरी स्पष्ट लिहायला हवं, म्हणून मी लिहितो. मी सात-आठ वर्षांपासून जपानात आहे आणि हाराजुकूला भारतीय पर्यटकांचे गट बघतो. सजलेल्या मुलीसमोर अचानक कॅमेरा धरणं, तिच्या खांद्याला खांदा लावून सेल्फी काढणं, हे सर्रास चालतं. आपलेच नाही, सगळ्या देशांचे करतात. ती मुलगी प्रदर्शनातली वस्तू नाही. सकाळी दोन तास खपून, मैत्रिणींना भेटायला आलेली कॉलेजची विद्यार्थिनी आहे. 'शाशिन, ईई देसु का?' (फोटो काढला तर चालेल का?) एवढं विचारायचं. हातांची फुली केली की नको, विषय संपला. हो म्हणाली तर बहुतेकदा छान उभी राहते, पोज देते. लहान मुलं असतील तर विचारूही नका.

सुईदोरा

कोरा कागद, शंभर टक्के सहमत. आणि कपड्याला हात लावू नका, हेही त्यात घाला.

अनुस्वार

कोरा कागद यांनी लिहिलंय ते माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे असं वाटतं. आपणच रोज कॅमेरे रोखून उभे राहिलो तर कोण रस्त्यावर येईल? डिसेंबरात पुन्हा जाणं होईल असं दिसतंय. या वेळी कॅमेरा खोलीवर ठेवून रविवारची पूर्ण दुपार काढतो. सायलीताई, बसायचं कुठे?

सायली_कासाई

मेइजी-जिंगुमाएच्या चौकात समोरासमोर दोन इमारती आहेत. एक तोक्यू प्लाझाची, २०१२ची, तिच्या सरकत्या जिन्यावर चहूबाजूंनी आरसे आहेत आणि गच्चीवर झाडं, पायऱ्या, बसायला जागा. जुनं सेंट्रल अपार्टमेंट्स याच जागेवर होतं. समोर २०२४ला उघडलेलं हाराकादो, त्याच्या तळघरात चक्क सार्वजनिक स्नानगृह आहे, कोएंजीतल्या जुन्या कोसुगियूची शाखा. दोन्हींच्या गच्च्यांवरून चौक दिसतो. पण वरून बघण्यापेक्षा मी सांगेन, योयोगी पार्कच्या हाराजुकूकडच्या दरवाज्याशी बसा. होकोतेनच्या काळातली रॉक अँड रोलवाली पोरं आता साठीला आलीत, आणि हवा चांगली असली की रविवारी अजूनही चामड्याची जाकिटं घालून तिथे नाचतात. बुटांचे तळ झिजून फाटलेले असतात, त्यांना टेप गुंडाळलेली असते. त्यांच्या शेजारी अलीकडे विशीतली मुलंही त्याच कोंबडा केसांनी नाचताना दिसतात.

विटावाळू

बुटांच्या टेपचं मीही बघितलंय. अनुस्वार, डिसेंबरात जाताय तर संध्याकाळी ओमोतेसांदोवर या, पानं गळलेल्या केयाकींवर दिव्यांच्या माळा असतात.

मंदाकाकू

सगळं वाचून काढलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. आमची तिकिटं १२ नोव्हेंबरची झाली आहेत. मुलगी म्हणते त्या सुमारास देवळात लहान मुलांचा काही सण असतो. खरं का गं?

सायली_कासाई

हो काकू, शिचि-गो-सान. १५ नोव्हेंबरला असतो आणि आजूबाजूच्या शनिवार-रविवारीही कुटुंबं येतात. तीन, पाच आणि सात वर्षांची मुलं किमोनो घालून, हातात लांब गोळ्यांची पिशवी घेऊन आईबाबा-आजीआजोबांबरोबर मेइजी जिंगूत येतात. चालताना चपला निसटतात, आज्या वाकून पुन्हा घालतात. तुम्ही त्या दिवसांत सकाळी नऊला या. कावासाकीहून शिनागावा आणि शिनागावाहून यामानोते लाइनने थेट हाराजुकू, एकदाच गाडी बदलायची. काकांसाठी लिफ्टने वर या. दिवस ठरला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी डबा घेऊन पूर्वेकडच्या दरवाज्यात उभी राहते. कांदा-लसूण चालतो ना तेवढं कळवा.